जेजुरीचा खंडोबा : यात्रा आणि कुळाचार

जेजुरी हे पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील गाव आणि खंडोबाचे महाराष्ट्रातील सर्वांत गजबजलेले ठाणे. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडमार्गे सुमारे ५० किलोमीटर. पुणे–मिरज लोहमार्गावर गावाचे स्थानकही आहे. टेकडीवरच्या देवळाला चारी बाजूंनी तट आहे, म्हणून ‘देवळात जाऊन आलो’ असे इथे कोणी म्हणत नाही, ‘गडावर जाऊन आलो’ म्हणतात. लोकगीतांत या गडाला नऊ लाख पायऱ्या आहेत. मोजल्या तर काही शेकडाच भरतात, पण वाटेतल्या दीपमाळा आणि कमानी पाहत चढणाऱ्याला गाणेच खरे वाटते.

मल्हारी, मार्तंड भैरव, कर्नाटकातला मैलार ही याच देवाची नावे. मणी आणि मल्ल या दैत्यांच्या संहारासाठी शंकराने हा अवतार घेतला, अशी कथा आहे. मल्लाचा अरी तो मल्हारी; हातातल्या खंड्यावरून, म्हणजे तलवारीवरून, खंडोबा. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ या गजरातला येळकोट कानडीतून आला. ‘येळु’ म्हणजे सात. देवाच्या सात कोटी सैन्याची ती आठवण, असे सांगितले जाते.

मूळ ठाणे आजच्या गडावर नव्हे, शेजारच्या उंच कडेपठारावर. म्हातारपणी एका भक्ताला ती चढण झेपेना, तेव्हा देवच खालच्या टेकडीवर उतरून आला, अशी आख्यायिका आहे. बहुतेक यात्रेकरू गडावरूनच परततात. पाय धड असतील त्याने कडेपठारही चढावे; गर्दी मागे पडते आणि देव पुन्हा डोंगरातला होतो. गडावरच्या देवळाच्या बांधकामात होळकर घराण्याचा मोठा वाटा आहे. मल्हाररावांचे नावच देवाचे. पायथ्याच्या होळकर तलावाकाठी त्यांच्या स्मरणार्थ बांधलेले मल्हार-गौतमेश्वर मंदिर आहे.

खंडोबाचा संसार समजला की जेजुरीतली गर्दी समजते. थोरली बायको म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. बाणाई चंदनपुरीच्या धनगराची. सारीपाटात म्हाळसेकडून हरल्यावर देव बारा वर्षे वनवासाला गेला आणि बाणाईच्या घरी मेंढरे राखून राहिला, असे धनगर आजही गातात. शिवाय रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि मुसलमान मानली जाणारी चंदाई भागवानीण. इतक्या जातींचा जावई असलेला देव परका कसा राहील! गडावर म्हाळसा देवाशेजारी आहे, तर बाणाईचे देऊळ पायऱ्यांच्या मध्यावर. सवतींचे पटले नाही म्हणून धाकटी अर्ध्या वाटेवर राहिली, असे पायऱ्या चढता चढता आज्या नातवंडांना सांगतात.

ज्यांचे हे कुलदैवत, त्यांच्याकडे लग्नानंतर जोडपे जेजुरीला येतेच. नवऱ्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या तरी चढायच्या असतात. वर पोचल्यावर देवावर भंडारा आणि खोबरे उधळतात. भंडारा म्हणजे हळदीची पूड. गडाचे दगड, माणसांची डोकी, अंगणातले मोठे पितळी कासव, सारे पिवळे होऊन जाते. बाजारात हळदीच्या नावाखाली रंगवलेली पूडही खपते. ती डोळ्यांना आणि कातडीला झोंबते, तेव्हा घरची हळद बांधून नेलेली बरी.

मुख्य विधी तळी भरण्याचा. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे, पैसा आणि भंडारा ठेवून ते पुरुष मंडळी मिळून ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा उचलतात. दिवटी आणि तेलाची बुधली जवळ असते. हाच विधी घरीही होतो, आणि खरी जेजुरी तिथेच कळते. जागरणात उसाचा किंवा ज्वारीच्या ताटांचा मांडव घालून वाघ्या-मुरळी, म्हणजे देवाला वाहिलेले पुरुष आणि बाया, रात्रभर देवाची कथा गातात. दिमडी, तुणतुणे आणि घोळ म्हणजे हातातली घंटा ही त्यांची वाद्ये. वाघ्याच्या खांद्याला भंडाऱ्याची पिशवी आणि हाती वारी, म्हणजे भिक्षा, मागायचा कोटंबा असतो.

या परंपरेची एक बाजू क्लेशाची आहे आणि ती झाकू नये. नवस फेडायला लहान मुलींचे देवाशी लग्न लावून त्यांना मुरळी म्हणून सोडले जाई; अशा अनेकींचे पुढे शोषण झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ पत्रातून या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये आणि पुढे महाराष्ट्र राज्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. आज जागरणात गाणाऱ्या अनेक मुरळ्या कलावंत म्हणून उभ्या राहतात. त्यांच्या गळ्यातली गाणी जपायची आणि ती प्रथा मात्र परत येऊ द्यायची नाही, ही जबाबदारी भक्तांचीही आहे.

सोमवारी अमावास्या आली की सोमवती. त्या दिवशी देवाची पालखी गडावरून निघून कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी निघालेली गडाची पालखी रात्री डोंगरातल्या रमणा या ठिकाणी कडेपठारच्या पालखीला भेटते आणि उजाडताना परतते. मग सरदार पानसे यांनी देवाला वाहिलेला सुमारे ४२ किलोचा खंडा उचलण्याची चढाओढ लागते; कोणी एका हातावर तोलून धरतो, कोणी दातांत. म्हणून हा मर्दानी दसरा. माघ पौर्णिमेला संगमनेरच्या होलमांची आणि सुप्याच्या खैऱ्यांची अशा मानाच्या शिखरी काठ्या, म्हणजे देवळाच्या शिखराला टेकवायच्या उंच काठ्या, येतात, कोकणपट्टीतले कोळी येतात.

पौष पौर्णिमेला इथे गाढवांचा बाजार भरतो. वैदू, बेलदार, कैकाडी, कुंभार अशा भटक्या आणि कष्टकरी जमातींची ही जुनी भेट. दात पाहून जनावराचे वय ठरते, काठेवाडी गाढवाला भाव चढा मिळतो. यंत्रे आल्यापासून खरेदी-विक्री आटली आहे, पण सोयरिकीचे बोलणे आणि जातपंचायतीची बैठक यांसाठीही लोक याच मुक्कामाला जमत आले.

चंपाषष्ठीला, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, सहा दिवसांचे नवरात्र उठते. देवाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवतात. चातुर्मासात वांगे वर्ज्य केलेल्या घरांतून त्या दिवशी ते पहिल्यांदा पानात पडते, तेही देवाच्या कुत्र्याला घास काढून ठेवल्यावर.