काळ्या घोड्याचे पाणी येते कुठून?

पावसाळ्यात बडोद्यात दोन मराठी माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "काळ्या घोड्याला किती फूट?" काळा घोडा म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा; तिथल्या विश्वामित्री नदीवरच्या पुलावर २६ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्याही वर गेली. तेव्हापासून बोलणे चालते ते नदीकाठच्या अतिक्रमणांचे. ते बोलणे व्हायलाच हवे, पण नदीची गोष्ट शहराच्या बऱ्याच आधी, ईशान्येला पावागडावर सुरू होते.

पावागड लाव्ह्याचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनभर जे थर पसरले, त्यांच्याच कुळातला. कालिकामातेच्या दर्शनाला गेलेल्या मराठी माणसाला खालचा काळा बेसॉल्ट ओळखीचा वाटतो, कारण सह्याद्रीचा दगड तोच. पण माथ्याकडे दगड उजळतो. हा रायोलाइट. तुकडा हातात घेऊन उन्हात धरा, बारीक समांतर रेघा दिसतील. घट्ट होत आलेला पाक ओढल्यावर उमटाव्यात तशा. या लाव्ह्यात सिलिका जास्त, म्हणून तो चिकट, फार लांब वाहू न शकणारा. थिजल्यावर मात्र असा कठीण, की आजूबाजूचे झिजून गेले आणि आठशे मीटरच्या आसपास उंचीचा हा डोंगर सपाटीत एकटाच उरला.

असल्या कड्यांवर पाऊस मुरत नाही, धावत खाली येतो आणि पायथ्यानंतर एकदम मंदावतो, कारण पुढे बडोद्यापर्यंत नद्यांनीच आणून टाकलेला सपाट गाळ आहे. त्यात विश्वामित्री वळणे घेत खोल चिरत गेली. शहरातल्या कमाटीबागेजवळचा काठ पाहा: पिवळट माती, मध्येमध्ये चुनखडीचे खडे. याच मऊ काठात मगरी बिळे करतात. काठाला फुटलेल्या घळींत, इथल्या भाषेत कोतरांत, पुराचे पाणी पसरून थांबत असे. त्यांतल्या कितीतरी आता भराव टाकून बुजवल्या आहेत, आणि मला सर्वात जास्त हेच खुपते.

सयाजीरावांनी १८९२ मध्ये पुरे केलेले आजवा सरोवर याच खोऱ्यात, सूर्या नदीवर. ते बांधले शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून. ते भरले की सोडलेले पाणीही विश्वामित्रीतच येते. पुढे विश्वामित्री ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. ढाढरच तुडुंब असली तर विश्वामित्रीला वाट मिळत नाही. म्हणून कधी ऊन पडते, रस्ते वाळायला लागतात, तरी काळ्या घोड्याचा आकडा हलत नाही.