हाय टिबियल ऑस्टिओटॉमी

गुडघ्याची आतली बाजू झिजली असताना नडगीचे हाड सांध्याच्या खाली कापून पाय सरळ रेषेत आणण्याची शस्त्रक्रिया. ब्रिटनमध्ये जॅक्सन आणि वॉ यांच्या १९६१ च्या, तर अमेरिकेत कॉव्हेंट्री यांच्या १९६५ च्या लेखनानंतर ती रूढ झाली.

खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ओढलेली रेषा निरोगी पायात गुडघ्याच्या साधारण मध्यातून जाते. पाय धनुष्याकृती झाला की ती आत सरकते. मग आतल्या कप्प्यावर जास्त भार येतो, तिथली कूर्चा झिजते आणि पाय आणखी वाकतो. शस्त्रक्रियेने हा भार बाहेरच्या शाबूत कप्प्याकडे वळवला जातो. म्हणून बाहेरचा कप्पाही झिजला असेल किंवा आमवात असेल, तर ती करू नये.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत राबणाऱ्या, साठीच्या आतल्या माणसाला हा पर्याय विशेष सोयीचा. कृत्रिम सांधा बसवल्यावर उकिडवे बसणे आणि जड क्रेट उचलणे टाळायला सांगतात. इथे सांधा स्वतःचाच राहतो.

नियोजनासाठी खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे उभ्यानेच काढावा लागतो. झोपवून काढल्यास भाराखालचा वाक दिसत नाही आणि कोन चुकतो. सांध्याची रुंदी आतून बाहेर ० ते १०० धरली, तर नवी रेषा ६२ च्या आसपास न्यावी असा जुना दंडक आहे. हल्ली झिजेनुसार ५० ते ६२ मध्ये थांबतात. रेषा याहून बाहेर गेली तर बाहेरचा कप्पा झिजू लागतो, कमी सरकली तर दुखणे परत येते.

आता बहुधा आतून फट उघडण्याची पद्धत वापरतात. सांध्याच्या ३.५ ते ४ सेंमी खालून फिब्युलाच्या (नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या) वरच्या टोकाकडे तिरका छेद घेतात आणि बाहेरचे सुमारे १ सेंमी हाड बिजागरी म्हणून राखतात. छिन्न्या एकावर एक सारत फट सावकाश उघडायची असते. इथे घाई झाली की बिजागरीच तुटते आणि पुढे कोन टिकत नाही. फट पुढे अरुंद, मागे रुंद हवी. दोन्हीकडे सारखी उघडली तर नडगीच्या माथ्याचा उतार वाढतो आणि गुडघा पूर्ण सरळ होत नाही. शेवटी लॉकिंग प्लेट, म्हणजे जिच्यात स्क्रूची डोकी घट्ट अडकतात अशी धातूची पट्टी, बसवतात. फट १० मिमीहून मोठी असेल तर त्यात अनेकदा कमरेचे किंवा कृत्रिम हाड भरतात.

दुसऱ्या दिवसापासून गुडघा वाकवायला लावतात. वॉकर किंवा कुबड्या साधारण सहा आठवडे लागतात, हाड भरून यायला तीन ते सहा महिने. विडी-सिगारेट, तंबाखू आणि मिश्री आधीच बंद करावी, कारण निकोटिनने रक्तपुरवठा घटून हाड जुळायचे राहते. एप्रिलची खरड छाटणी उरकून शस्त्रक्रिया केली, तर ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत पुरेसा अवधी मिळतो. मात्र पावसाळ्यात बांधावरच्या चिखलात जाऊ नये. या काळात घसरून पडले तर प्लेटसकट हाड मोडू शकते.

प्लेट खुपत असल्यास वर्ष-दीड वर्षाने काढता येते. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूला तिचाच पेचकस लागू शकतो, त्यामुळे कागदपत्रांवर लावलेले प्लेटचे स्टिकर जपून ठेवावे. पुढे सांधा बदलायची वेळ आली तरी ते लागते.