लडाखमध्ये छोटं नाट्यगृह उभारायचंय? केंद्राच्या अनुदानासाठी अर्ज असा करा

लडाखमध्ये शेतीतून सवड मिळते ती हिवाळ्यात. लोसार हा नववर्षाचा सण तेव्हाच, दमन-सुरना (नगारे आणि सनई) वाजवायला आणि जब्रो नाचायला वेळही तेव्हाच. पण त्या थंडीत उघड्यावर तालीम करणं अशक्य. तिथल्या कलासंस्थांना बंदिस्त, ऊबदार जागा हवी. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींसाठी ही माहिती.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या ‘कला संस्कृती विकास योजने’त प्रेक्षागृह, स्टुडिओ थिएटर, तालमीची खोली, ध्वनी-प्रकाश यंत्रणा यांसाठी अनुदान मिळतं. महानगरांत कमाल ५० लाख, इतरत्र २५ लाख रुपये. प्रकल्पखर्चाच्या जास्तीत जास्त ६० टक्के सरकार देतं, बाकीचे संस्थेने उभे करायचे. म्हणजे ४० लाखांच्या कामाला २४ लाख मिळू शकतात; पण काम ६० लाखांवर गेलं तर मर्यादा २५ लाखांचीच, उरलेले ३५ लाख तुमचे. ईशान्य भारताला ६० ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत अनुदानाची सवलत आहे. बर्फाने रस्ते बंद होणाऱ्या लडाखलाही ती मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

अर्जदार संस्था ना-नफा असावी, नोंदणीला किमान तीन वर्षं झालेली असावीत आणि तिचं मुख्य काम कला-संस्कृतीचं असावं. धार्मिक संस्था पात्र नाहीत. त्यामुळे गोम्पाच्या (बौद्ध मठाच्या) नावाने अर्ज करू नका, गावातल्या कलामंडळाच्या नावाने करा.

कागदपत्रांत नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना (नियमावली), स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या ‘एनजीओ दर्पण’ या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि आजवरच्या कार्यक्रमांचा अहवाल लागतो. खरी कसोटी जागेच्या कागदांची. जमीन अनेकदा वडिलोपार्जित किंवा गावाच्या सामायिक वापरातली असते आणि ‘सगळ्यांना माहीत आहे’ एवढ्यावर अनुदान मिळत नाही. मालकीचा दाखला किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा संस्थेच्या नावावर हवा. हे आधी मिटवा, मगच मंजूर नकाशा आणि वास्तुविशारदाच्या खर्चाच्या अंदाजाकडे वळा. त्या अंदाजात भिंतींचं थंडीपासून संरक्षण, खोली तापवण्याची सोय आणि बाहेरून येणाऱ्या सिमेंट-लोखंडाची वाहतूक वेगळी दाखवा. दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीला तो खर्च का वाढला, हे कागदावरूनच कळणार आहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा. समितीने शिफारस केली आणि मंत्रालयाने मंजुरी दिली की रक्कम हप्त्यांनी येते. बांधकामाचे महिने मोजकेच असल्याने स्वतःच्या वाट्याचे पैसे आधीच तयार ठेवा.

प्रशिक्षण आणि सादरीकरणाचा खर्च या अनुदानात बसत नाही. प्रशिक्षणासाठी हिमालयाच्या सांस्कृतिक वारशाची वेगळी योजना आहे. तिच्यात संस्थेला सहसा वर्षाला १० लाखांपर्यंत मदत मिळते, अर्जही स्वतंत्र करावा लागतो.