रिमलेस कमोड

वरच्या काठाला आत वळलेली पोकळ पन्हाळ (रिम) नसलेले चिनी मातीचे शौचपात्र. नेहमीच्या कमोडमध्ये टाकीतले पाणी या पन्हाळीत शिरते आणि तिच्या तळाच्या भोकांतून भांड्यात उतरते. रिमलेस प्रकारात ते मागच्या तोंडातून थेट बाहेर पडते, बहुधा डावी-उजवीकडे फुटून काठाखालून आडवे धावते, पुढे एकमेकांना भिडते आणि मग खाली कोसळते. काही बनावटींत दोन तोंडांतून एकाच दिशेने पाणी सोडून भोवरा केला जातो. ‘कडाविरहित शौचपात्र’ असा प्रतिशब्द सुचवता येईल. पण दुकानात तो कोणाला कळणार नाही.

कड नसणे ही नवी कल्पना मानावी की जुन्याकडे परतणे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये लंडनला वाकड्या नळीच्या वॉटर सीलचे (नळीत पाणी अडून दुर्गंधी रोखणाऱ्या बांधणीचे) पेटंट घेतले. त्यानंतर बराच काळ प्रचारात असलेल्या नरसाळ्यासारख्या स्वस्त भांड्यांत पाणी बाजूच्या एकाच तोंडातून गोल फिरत उतरे. कड नव्हतीच. पाणी फिरते पण धूत नाही, या दोषासाठी एस. स्टीव्हन्स हेलियर या लंडनच्या प्लंबरने १८७० च्या दशकात अशा भांड्यांवर टीका केली. कडेची पन्हाळ हे या दोषावरचे उत्तर. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रूढ झाली. तिचे श्रेय एखाद्याच कारखानदाराला देण्याकडे व्यापारी लेखनाचा कल असतो. इंग्लंडमधल्या ट्वायफर्ड या कारखानदारांचे ‘युनिटास’ (१८८३, काहींच्या मते १८८५) खरे प्रसिद्ध आहे ते भांडे आणि पाया एकसंध मातीचा असल्याबद्दल, तर हंफरसन यांचे ‘ब्यूफोर्ट’ (सु. १८८५) पाण्याच्या जोराने मैला धुवून नेणाऱ्या (वॉश-डाउन) पहिल्या भांड्याचा मान सांगते. अनेक कारखान्यांत ही सुधारणा हळूहळू होत गेली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. (लंडनचे प्लंबर टॉमस क्रॅपर यांचे नाव या संदर्भात सर्रास घेतले जाते; ते शोधक नव्हेत.)

त्या काळची कसोटी नोंदवण्याजोगी आहे. १८८४ च्या लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात जेनिंग्ज या इंग्रज कारखान्याच्या भांड्याने दोन गॅलन, म्हणजे सुमारे ९ लिटर पाण्यात सरासरी सव्वा इंच व्यासाची दहा सफरचंदे, एक चपटा स्पंज आणि आतल्या भिंतीला चिकटवलेले चार कागद वाहून नेले; भिंतीला फासलेले काळे लुकणही धुऊन काढले. आजच्या अमेरिकी मानकात काठाखाली २५ मिमी. वर शाईची रेघ ओढतात. पाणी सोडल्यावर उरलेल्या तुकड्यांची बेरीज ५० मिमी.पेक्षा आणि कोणताही एक तुकडा १३ मिमी.पेक्षा जास्त असून चालत नाही.

आधुनिक रिमलेस भांडी विसाव्या शतकाच्या अखेरीनंतरची. युरोपात त्यांचा भर आरंभी रुग्णालयांवर होता. घरगुती बाजारात ती नंतर आली. दरम्यान टाकीचे पाणी घटले होते : ऑस्ट्रेलियात १९८० च्या सुमारास दोन बटणांची टाकी आली, ब्रिटनमध्ये २००१ पासून नव्या टाकीला ६ लिटरची मर्यादा लागली. इतक्या कमी पाण्यात काठापर्यंत धुवायचे तर तोंडाचा कोन आणि भांड्याचा उतार अचूक हवा. चिनी माती भट्टीत सुमारे दहावा हिस्सा आकसते, त्यामुळे ही अचूकता महाग पडते.

मुख्य लाभ सफाईचा. जुन्या पद्धतीत पन्हाळ वेगळी ओतून ओल्या मातीच्या घोळाने चिकटवतात. तिच्या आतल्या बाजूला बहुधा झिलई नसते. तिथे ब्रश जात नाही आणि क्षार मात्र धरतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरांत ही भोके काही वर्षांत बुजतात, पाणी एकाच बाजूने उतरू लागते आणि तारेने भोके टोकरण्याची वेळ येते. रिमलेसमध्ये क्षार धरतोच, पण दिसतो आणि ब्रशने निघतो. ॲसिडही कमी लागते. आरोग्याचा दावा मात्र बेताने घ्यावा. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवले होते की पाणी सोडल्यावर जंतू तुषारांतून उडतात आणि भांड्याच्या भिंतीला चिकटूनही राहतात. कड गेल्याने दुसरी गोष्ट आटोक्यात येऊ शकते. पहिली त्याने थांबत नाही.

मुख्य तोटा शिंतोड्यांचा. आत वळलेली कड पाणी अडवून परत भांड्यात टाकत असे. ती नसल्याने जोर जास्त झाला की पुढच्या काठावरून थेंब सीटवर आणि फरशीवर येतात. गच्चीवरच्या टाकीतून थेट फ्लश व्हॉल्व्ह (कमोडमागे टाकी न ठेवता दाबाखालच्या नळातून पाणी सोडणारी झडप) घेतलेल्या सात मजली इमारतीत तळमजल्याला दर चौ. सेंमी.ला सुमारे दोन किलो प्रेशर असते, वरच्या मजल्याला जेमतेम पाव किलो. एकच मॉडेल खाली शिंतोडे उडवते आणि वर धुतच नाही. भिंतीतल्या टाकीला पाण्याचा वेग आवरणारी चकती किंवा स्क्रू असतो. प्लंबरने तो न फिरवताच बिल केले की दोष भांड्याला लागतो. जेट स्प्रे पुढे रोखून मारणाऱ्याला, बादलीने पाणी ओतणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. काठाला अडकवायच्या सुगंधी वड्या नीट बसत नाहीत, बसल्या तर धार तोडतात. तोंडाच्या अगदी खालचा पट्टाही कोरडा राहू शकतो.

बदली करताना भांड्याआधी पाइपचे माप घ्यावे लागते. एस-ट्रॅपमध्ये (मैला जमिनीतल्या पाइपात जाणाऱ्या भांड्यात) तयार भिंतीपासून जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर ४, ९ किंवा १२ इंच असते. माप टाइल लावल्यानंतरचे धरतात, विटेपासूनचे नव्हे. साखळीच्या उंच लोखंडी टाकीखाली रिमलेस बसवू नये. तिचे १० ते १२.५ लिटर पाणी एवढ्या उंचीवरून उघड्या तोंडात आले तर ते भांड्यात राहत नाही.