बैलांनी वाढवलेला मैल

‘इथून फर्लांगभर असेल’ असं सांगणारी माणसं आता कमी झाली, पण शब्द अजून कळतो. तो आपल्याकडे इंग्रजांच्या रस्त्यांबरोबर आला. इंग्लंडात मात्र तो शेतातला. जुन्या इंग्रजीत ‘फुर्ह’ म्हणजे नांगराचं तास आणि ‘लांग’ म्हणजे लांब. एका तासाची लांबी, तो फर्लांग.

मध्ययुगीन इंग्लंडच्या चिकट मातीत जड नांगर लागायचा. पूर्ण औत आठ बैलांचं. एवढं लांबलचक औत बांधाशी वळवणं जिकिरीचं, म्हणून तासं होता होईल तेवढी लांब धरत आणि बैलांना दम लागेल तिथे थांबत. हे अंतर पुढे 220 यार्डांवर, म्हणजे सुमारे 201 मीटरवर, पक्कं झालं. वळायच्या तयारीत बैल आधीपासूनच कडेला सरकू लागत. त्यामुळे शेताच्या पट्ट्यांना उलट्या ‘एस’सारखा बाक यायचा. मिडलंड्समधल्या काही कुरणांत, ऊन तिरपं पडलं की, गवताखालचा तो बाक आजही उठून दिसतो.

पंचाईत झाली मैलाची. रोमन मैल 5000 फुटांचा, आणि मैलाचे भाग आठ. पण आठ फर्लांग भरतात 5280 फूट! फर्लांग आखडावा, तर त्यावर बेतलेला एकर बदलणार आणि जमिनीचे सगळे कागद खोटे पडणार. शेवटी एलिझाबेथ राणीच्या काळात, 1593 साली, कायद्याने मैलच आठ फर्लांगांचा ठरवला. मला यात राणीपेक्षा बैलांचाच विजय दिसतो.

एकर म्हणजे एक फर्लांग लांब आणि 22 यार्ड रुंद पट्टा. ढोबळमानाने एका औताची दिवसभराची नांगरट. या 22 यार्डांची, म्हणजे 66 फुटांची, शंभर कड्यांची मोजणीची साखळी एडमंड गंटरने 1620 मध्ये रूढ केली. क्रिकेटची खेळपट्टी तेवढीच लांब.

आपला गुंठा याच हिशेबात चपखल बसतो: 33 फूट गुणिले 33 फूट, म्हणजे अर्धी साखळी लांब, अर्धी रुंद. असे 40 गुंठे झाले की एकर. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर लिहितात. पण आर 100 चौरस मीटरचा आणि गुंठा 101.17 चौरस मीटरचा, त्यामुळे बोलताना दोन्ही सर्रास एकच धरले जातात.