नोकरी शोधणाऱ्यांची ध्येयाभिमुखता: मापनीची पार्श्वभूमी

ध्येयाभिमुखता, म्हणजे काम हाती घेताना माणसाचा कल शिकण्याकडे आहे की कामगिरी दाखवण्याकडे, ही कल्पना शाळेच्या वर्गातून आली. अवघड कोडं आलं की काही मुलं हातपाय गाळतात, काही नवी युक्ती शोधतात, हे १९७०-८०च्या दशकांत अमेरिकेत नोंदलं गेलं. १९९६ मध्ये मोठ्यांसाठी मापनी, म्हणजे हा कल मोजणारी प्रश्नावली, आली, पण तिच्यात शिकण्याची ओढ आणि कामगिरीची ओढ असे दोनच कप्पे होते. मिरवायला पुढे सरसावणारा आणि हसं होईल म्हणून मागे राहणारा, दोघेही कामगिरीच्याच कप्प्यात. १९९७ च्या मापनीने त्यांची फारकत केली. तिच्यात १३ विधानं होती: ५ शिकण्याची, ४ स्वतःला सिद्ध करण्याची, ४ नाचक्की टाळण्याची.

मात्र ही मापनी नोकरीत असलेल्यांसाठी होती आणि खरी अडचण तिथेच आहे. ‘कामावर माझी कामगिरी वाईट ठरेल असे प्रसंग मी टाळतो’ अशा आशयाच्या विधानावर कामच सुटलेल्या माणसाने खूण कुठे करायची? जुनं ऑफिस आठवून, की कालची मुलाखत आठवून? कल हा स्वभावाचाच भाग मानला, तर शब्द जसेच्या तसे ठेवायला हरकत नाही. आधीच्या निष्कर्षांशी तुलनाही होते. पण कामावर बिनधास्त असणारा माणूस मुलाखतीला कच खाऊ शकतो, हे कोणीही सांगेल. त्यामुळे विधानं नोकरीच्या शोधाला धरून लिहिणंच योग्य. अर्थात शब्द बदलले की मापनी नव्याने पारखावी लागते आणि ही पारख अनेकदा उरकली जाते. शिवाय मुलाखतीत स्वतःला सिद्ध करावंच लागतं, तेव्हा त्या ४ विधानांवरचे जास्त गुण म्हणजे दोष नव्हे.

नेदरलँड्समध्ये १०९ बेरोजगारांवर झालेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि चर्चेचा रोखच बदलला. कोणाला कुठलं प्रशिक्षण हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. एका गटाला शिकण्याची उद्दिष्टं मांडायला शिकवलं: ‘इतके अर्ज टाकेन’ यापेक्षा ‘स्वतःची ओळख नीट करून द्यायला शिकेन’ अशा धाटणीची. या गटाचा शोधाचा इरादा वाढला, त्यातून प्रत्यक्ष शोध वाढला आणि त्याच्या जोडीने नोकरी मिळण्याची शक्यताही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या बेरोजगारांवरचा अभ्यासही आला. पुढे, २०१४ मध्ये, पदवीच्या उंबरठ्यावरच्या विद्यार्थ्यांना शोध चालू असताना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले गेले. ताण आल्यावर कोण किती जोर लावतो, यात शिकण्याच्या कलाचा वाटा दिसला.

प्रशिक्षणाने शोधाची तऱ्हा बदलत असेल, तर रोजगार केंद्रात नावनोंदणीच्या दिवशी एकदाच प्रश्नावली भरून घेऊन उमेदवाराच्या फाइलवर शिक्का मारण्याला आधार उरत नाही.