विदूषक घराणी (सर्कस)

सर्कशीतील विनोदी कामे एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत येण्याची परंपरा. ती मुख्यतः युरोपात रुजली. तंबूच्या मुक्कामावर वाढणारे मूल वडील-चुलत्यांबरोबर रिंगणात उतरे आणि न लागता पडणे, थप्पड चुकवणे, हशा ओसरेपर्यंत थांबणे या गोष्टी काम करता करताच शिके. घरातील ठरलेले प्रवेश आणि रंगभूषाही पुढे त्याच्याकडे येत.

सर्कशीतील विदूषक ज्याला आपला पूर्वज मानतात तो जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) खरे तर लंडनच्या रंगभूमीवरचा नट होता. त्याचे वडीलही नर्तक आणि विनोदी नट होते. सर्वांत ठळक उदाहरण मात्र फ्रातेलिनी घराण्याचे आहे. कसरतपटू गुस्ताव्ह यांचे पुत्र पॉल, फ्रांस्वा आणि आल्बेर यांनी पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत त्रिकूट म्हणून नाव कमावले. विदूषकांच्या जोडीत पांढऱ्या चेहऱ्याचा ऐटबाज शहाणा आणि त्याच्या हुकमांचा विचका करणारा ढगळ कपड्यांतला ‘ऑगस्त’ असे दोघे असत. फ्रांस्वा शहाणा, आल्बेर ऑगस्त, आणि पॉल या दोघांच्या मधला, अशी तिघांची विभागणी झाल्यामुळे भांडणाला तिसरा कोन मिळाला. पॉलची नात अ‍ॅनी स्वतः ऑगस्त झाली. त्या काळी ही भूमिका बहुधा पुरुषच करीत. १९७०च्या दशकात तिने सर्कशीची शाळा काढली, त्यामुळे घरातली विद्या घराबाहेरच्यांनाही खुली झाली.

विष्णुपंत छत्रे यांनी १८८०च्या सुमारास भारतीय सर्कस उभी केली आणि केरळातील थलश्शेरी हे तिच्या कसरतपटूंचे माहेर ठरले. येथे विदूषकाला ‘जोकर’ म्हणतात. कमी उंचीच्या माणसांना या कामासाठी बाहेरून आणण्याचा प्रघात पडल्यामुळे घराणी फारशी बनली नाहीत. विनोदाच्या समजेपेक्षा शरीराकडे पाहून होणारी ही निवड कलेच्या हिताची नव्हती. झुल्यावरून भलतीकडेच कोसळणारा जोकर मात्र पुष्कळदा मुरलेला झुलेपटू असतो.

नाशिकच्या मैदानांवर सर्कशीचे तंबू पडत आले आहेत, पण घराण्याने चालणारे सोंग जिल्ह्याला वेगळ्या वाटेने परिचित आहे. पेठ, सुरगाणा भागातील बोहाडा या सोंगांच्या उत्सवात संबळाच्या तालावर रात्री मुखवटे नाचतात आणि काही गावांत ठरावीक सोंगाचा मान ठरावीक कुटुंबाकडे असतो. हा मान वर्षातून एकदाच येतो, तर सर्कशीतील घराण्याचे पोट रोजच्या खेळावर चालते.

वाघ, सिंह, अस्वले यांच्या खेळांवर १९९८ मध्ये बंदी आली. त्यानंतर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला लावण्यास मनाई करण्याचे आदेश दिले. मुलांच्या संरक्षणासाठी ते आवश्यकच होते, तथापि लहानपणी रिंगणातच शिकण्याचा जुना मार्ग त्यामुळे भारतात बंद झाला.